आधी मालक, मग गाडी

न्यूझीलंडमध्ये आज एकही मोठा मोटार कारखाना उरलेला नाही. १९९८ साली सरकारनं मोटारींवरचं आयात शुल्क उठवलं आणि त्याच वर्षी टोयोटाचा थेम्सचा, होंडाचा नेल्सनचा, मित्सुबिशीचा पोरिरुआचा असे जोडणीचे कारखाने एकामागून एक बंद झाले. जपानहून वापरलेल्या गाड्या त्याच्याही दहाएक वर्षं आधीपासून येत होत्या. आज ऑकलंडच्या बंदराजवळून जाताना कुंपणापलीकडे जहाजातून उतरलेल्या गाड्यांच्या रांगा दिसतात. प्रत्येकीचं एक आयुष्य जपानमध्ये झालेलं असतं आणि दुसरं आता इथे सुरू व्हायचं असतं.

जपानहूनच का, याचं पहिलं कारण सोपं आहे. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. दुसरं कारण जपानच्या कायद्यात आहे. तिथे नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात. आपल्याकडच्या पासिंगसारखा हा प्रकार, पण फार कडक आणि फार खर्चिक, कारण वजनावरचा कर आणि सक्तीचा विमा त्याच वेळी भरावा लागतो. गाडी तेरा वर्षांची झाली की करही वाढतो. मग धडधाकट गाडी ठेवण्यापेक्षा विकून टाकणं तिथल्या माणसाला परवडतं, आणि ती लिलावातून जहाजावर चढते. इथे तिला नवा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मिळतो. तो ७ए८ किंवा, २००९ नंतर आलेल्या गाड्यांत, ७एटी या अक्षरांनी सुरू झाला की गाडी बाहेरून वापरून आलेली आहे हे जाणकाराला लगेच कळतं.

आम्हाला स्टेशन वॅगन हवी होती, म्हणजे टप मागपर्यंत सरळ गेलेलं आणि मागे वेगळ्या डिकीऐवजी मोकळी जागा असलेली गाडी. भारतात हा प्रकार कधी रुजला नाही. टेल्कोनं १९९२ मध्ये पुण्यात टाटा इस्टेट काढली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, पण लोकांनी पाठ फिरवली. सामान टपावर कॅरिअरला बांधायचं, आणि गाडी म्हटली की तिला मागे वेगळी डिकी दिसली पाहिजे, ही आपली सवय. टाटा इस्टेट मला मात्र लहानपणापासून आवडायची. साताऱ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांची उभी असायची. तिची लांबलचक मागची काच आणि आतली मोकळी जागा बघून वाटायचं, हिच्यात अख्खं घर मावेल.

ऑकलंडमध्ये ती गरज खरीच निर्माण झाली. गणपतीत आमच्या गटाचे ढोल न्यायचे असतात. ढोल सेडानच्या डिकीत जात नाही आणि मागच्या सीटवर ठेवला तर माणसं बसत नाहीत. उन्हाळ्यात तंबू, गाद्या, शेगडी घेऊन इथल्याच कोरोमंडल द्वीपकल्पावर जायचं. आई-बाबा आले की त्यांच्या बॅगा. उंच एसयूव्ही घ्या असं सगळेच सांगत होते. पण एसयूव्हीत ढोल छातीएवढा उचलून आत सारावा लागतो. वॅगनचा मागचा उंबरठा मांडीएवढ्या उंचीवर असतो, सीट पाडल्या की सपाट ओटा तयार होतो, आणि रस्त्यावर ती गाडीसारखी चालते, झुलत नाही. मला अजूनही वाटतं की चौकोनी कुटुंबासाठी माणसानं याहून शहाणी मोटार बनवलेली नाही.

२०१७ च्या हिवाळ्यात आम्ही शोधायला निघालो तेव्हा हाताशी ८००० डॉलर होते, आणि आई-बाबा आमच्याकडे आलेले होते. बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये झाली. त्यांना जपानी गाड्यांची माहिती नव्हती, पण हजारो बस त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पहिल्याच दिवशी माझी कागदावरची यादी बघून ते म्हणाले, “अरे, कंपन्या काय लिहितोस? आमच्या डेपोत एकाच लॉटच्या, एकाच वर्षाच्या बस असायच्या. एक दहा वर्षं चालायची, एक पाचात खिळखिळी. फरक कंपनीचा नव्हता. कुणाच्या हातात होती, ते बघ.”

माझ्या यादीत तीन नावं होती. सुबारू लेगसी, टोयोटा करोला फिल्डर आणि व्होल्वो व्ही७०. व्होल्वो जपानहून कशी, असं कुणाला वाटेल. जपानमधले हौशी लोक युरोपातल्या गाड्या घेतात आणि व्यवस्थित वापरतात, तिथून त्या इथे येतात. स्वीडनमध्ये बनलेली, योकोहामात फिरलेली आणि ऑकलंडला विकायला उभी, अशी गाडी इथे नवलाची नाही. व्ही७० च्या सीटवर एकदा बसलं की लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी नको वाटते. तिच्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स मात्र जपानच्या आयसिनचा. त्याचं तेल वेळच्या वेळी बदललं नाही तर गिअर झटके देतात, असं जाणते लोक सांगत. आम्ही बघितलेली व्ही७० चामड्याच्या सीटची, चकचकीत होती. तिच्याबरोबर एकही कागद नव्हता. तेल कधी बदललं, इंजिनातला टायमिंगचा पट्टा कधी बदलला, कुणालाच माहीत नाही. बाबांनी दार लावलं आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

लेगसीवर माझा जीव होता, हे लपवण्यात अर्थ नाही. २००३ ते २००९ मधली चौथ्या पिढीची लेगसी वॅगन ही जपाननं बनवलेल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी एक आहे. लांब, बुटकी, दारांच्या काचांना चौकट नाही, त्यामुळे दार उघडलं की नुसती काच उभी राहते. आत आडवं बसवलेलं चार सिलेंडरचं इंजिन. दोन सिलेंडर डावीकडे, दोन उजवीकडे, पिस्टन समोरासमोर हलतात. त्यामुळे वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी जमिनीला धरून असते. ताकद चारही चाकांना मिळते. हिवाळ्यात रुआपेहूच्या पायथ्याच्या डेझर्ट रोडवर बर्फाचा थर पडतो, कोरोमंडलच्या आतल्या भागात खडीचे रस्ते आहेत. तिथे चारही चाकं कामाला येतात.

पण हे इंजिन लक्ष मागतं. अडीच लिटरच्या इंजिनाची हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यातली पट्टी, गळते ही गोष्ट जगभरच्या सुबारूवाल्यांना माहीत आहे. दोन लिटरच्या इंजिनात हे बरंच कमी. टायमिंगचा पट्टा एक लाख किलोमीटरला बदलावाच लागतो, आणि तो तुटला तर इंजिनच जातं. इंजिन आडवं असल्यामुळे गळलेलं तेल खालच्या एक्झॉस्टवर पडतं आणि जळका वास येतो. त्यामानानं फिल्डर म्हणजे निर्धास्त कारभार. दीड लिटरचं इंजिन, पट्ट्याऐवजी साखळी, साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, चांगलं ॲव्हरेज, सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. पुढच्या सीटवर बसायला आणि उठायला ती लेगसीहून सोपी. बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर हा मुद्दा लहान नव्हता.

म्हणजे डोकं फिल्डर म्हणत होतं आणि मन लेगसी. इथपर्यंत सगळेच येतात. वॅगन घेणाऱ्या प्रत्येक घरात ही जोडी असते, नावं फक्त बदलतात. एकाकडे स्टेजिया आणि कॅल्डिना, दुसऱ्याकडे अटेंझा आणि विंगरोड. बाबांनी हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला ठेवला. म्हणाले, गाड्या बघू.

जपानी लिलावात गाडी आली की तपासनीस तिचा एक तक्ता भरतो. वरच्या कोपऱ्यात गुण असतात. साडेचार म्हणजे उत्तम, चार म्हणजे चांगली, साडेतीन म्हणजे वापरलेली, आणि आर लिहिलं असेल तर सांगाड्याची दुरुस्ती झालेली. आतल्या भागाला ए, बी, सी असा वेगळा शेरा. खाली गाडीचं उलगडलेलं चित्र असतं आणि त्यावर खुणा. ए१ म्हणजे ओरखडा, यू१ म्हणजे लहान पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंटिंग-पेंटिंग झालेलं. एक्सएक्स म्हणजे तो पत्राच बदललेला. आणि शेवटी तपासनिसानं हातानं लिहिलेल्या दोन-चार ओळी. विकणारे हा तक्ता सहज दाखवत नाहीत, पण मागितला तर बरेच जण देतात. ऑफिसातल्या एका जपानी बाईंनी मला त्यातले नेहमीचे शब्द लिहून दिले होते. कोगे म्हणजे सिगरेटनं जळलेला डाग, शितामावारी साबी म्हणजे गाडीच्या पोटाला गंज, किरोकुबो म्हणजे सर्व्हिसची नोंदवही.

पहिली लेगसी जीटी होती, टर्बो, निळी, बघताक्षणी हवीशी वाटणारी. तक्त्यावर गुण चांगले होते आणि खालच्या ओळीत ते दोन शब्द होते, शितामावारी साबी. बाबांनी वर्तमानपत्र अंथरलं, टॉर्च घेतला आणि या वयात ते गाडीखाली पाठीवर झोपले. बाहेर आले तेव्हा बोटांना तांबूस पूड लागलेली. जपानच्या उत्तरेकडे रस्त्यावरचा बर्फ वितळायला मीठ टाकतात, ते खालच्या पत्र्यात शिरतं आणि वर्षानुवर्षं खात राहतं. वरचा रंग आरशासारखा राहतो. “आपल्या रत्नागिरी डेपोच्या बस अशाच यायच्या,” बाबा म्हणाले, “समुद्राची हवा. वरून पावडर लावलेली आणि खालून चाळण.” या देशात आत येतानाच सांगाड्याचा गंज तपासतात, त्यामुळे ही गाडी कायद्यानं पास होती. पण तिच्यावर बर्फात गेलेल्या अनेक हिवाळ्यांचं ओझं होतं आणि आधीच्या माणसानं एकदाही खालून पाणी मारलेलं दिसत नव्हतं.

फिल्डर पांढरी होती, २००७ ची. ७४ हजार किलोमीटर. बाहेरून निर्दोष. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पायाकडे बघत राहिले. ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूनं गुळगुळीत झालेलं. सीटची दाराकडची कड दबलेली. बाकीच्या तिन्ही सीट मात्र नव्यासारख्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की हिच्यात एकच माणूस बसायचा, दिवसातून वीस वेळा चढायचा-उतरायचा, आणि गाडी त्याची नव्हती. एखाद्या कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याकडे असावी. नोंदवही नव्हती. इंजिन आम्ही पोहोचण्याआधीच सुरू करून तापवून ठेवलं होतं, त्यामुळे गार असताना ते कसं बोलतं हे कळायला मार्ग नव्हता. गाडी वाईट असेल असं मला अजूनही वाटत नाही. फिल्डर इतका निष्काळजीपणा सोसते. पण निर्धास्त गाडीला लोक निर्धास्तपणेच वापरतात, आणि चांगल्या नावाच्या गाडीत हा धोका जास्त असतो, हे मला त्या दुपारी पटलं. लेगसी सांभाळावीच लागते, म्हणून जिला कुणीतरी सांभाळलंय ती ओळखूही येते.

तिसऱ्या आठवड्यात एक साधी लेगसी दिसली. २.०आय, म्हणजे दोन लिटरची, टर्बो नाही, चंदेरी रंग. जाहिरातीत फोटोही धड नव्हते. माझ्या यादीत ती नव्हतीच, कारण मला जीटी हवी होती. हातमोज्यांच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पाकिटात किरोकुबो होतं. नाव खोडलेलं, पण विक्रेत्याचा शिक्का शिझुओकाचा. फुजी पर्वताच्या दक्षिणेचा, चहाच्या मळ्यांचा हा किनारी प्रांत. सपाटीला बर्फ क्वचितच पडतो. पानापानावर तारखा, किलोमीटर आणि त्याच एका दुकानाचा शिक्का. तारखा जपानी सम्राटाच्या कालगणनेत होत्या. पंचांगातल्या शकात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे हेसेई सालात १९८८ मिळवायचे. हेसेई १८ म्हणजे २००६. तिथून दर सहा महिन्यांनी तेल. गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेली. मागच्या काचेवर पार्किंगचा गोल स्टिकर तसाच होता. जपानमध्ये बहुतेक शहरांत गाडी नावावर करण्याआधी ती ठेवायला जागा आहे हे पोलिसांकडे सिद्ध करावं लागतं. म्हणजे हिला स्वतःचं ठिकाण होतं.

बाबांनी दरवाज्यांच्या रबरांवरून बोट फिरवलं. चौकट नसलेल्या काचा रबरावरच टेकतात, तिथे वाळू साचली की रबर फाटतं आणि आत वारा शिरतो. रबर मऊ होतं. त्यांनी सुट्या चाकाचा कप्पा उघडला, ओल बघितली. विकणारा माणूस सभ्य होता, त्यानं आम्हाला सकाळी गार इंजिनावर चावी दिली. इंजिन सुरू झालं, क्षणभर खोल आवाज करून शांत झालं, आणि डॅशबोर्डमधून एक बाई जपानीत काहीतरी बोलली. बाबा दचकले. मी सांगितलं की टोल भरायचं कार्ड घातलेलं नाही असं ती सांगते, आणि इथे ती रोजच सांगणार. “सांगू दे,” ते म्हणाले, “आधीच्याला रोज आठवण करून देत असेल. मग तो विसरत नसेल कधी.”

वहीत एकच गोष्ट नव्हती. पट्टा बदलल्याची नोंद. किलोमीटर कमी असले तरी पट्टा अकरा वर्षांचा होता, आणि रबराला किलोमीटर कळत नाहीत, वय कळतं. आमचा मेकॅनिक फिजीचा. त्याच्या आणि बाबांच्या हिंदीत जमीन-अस्मानाचा फरक, तरी दोघांचं पाच मिनिटांत जमलं. त्यानं गाडी वर उचलली, दोन्ही बाजूंच्या हेडच्या सांध्यावर दिवा मारला, कोरडे आहेत म्हणाला, आणि पट्टा, टेन्शनर, वॉटर पंप एकत्र बदलायला हजारेक डॉलर सांगितले. तेवढे किंमतीतून वजा झाले. गाडीवर कुणाचं कर्ज नाही ना, हे सरकारी नोंदीत बघितलं आणि सही केली.

बाबांच्या गुडघ्यांचं काय, हे राहिलं. बुटक्या सीटवर ते आधी आडवे बसायचे आणि मग पाय आत घ्यायचे. डेझर्ट रोडवरून वेलिंग्टनला जाताना दर दीड-दोन तासांनी आम्ही थांबलो. त्यांनी तक्रार केली नाही, पण त्रास त्यांना होत होता आणि तो मला दिसत होता. घरात वयस्कर माणूस कायम राहणार असेल तर मी आजही फिल्डर सांगेन, चांगल्या हातातली मिळेपर्यंत थांबून. गाडीतल्या जुन्या जपानी रेडिओचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच, त्यामुळे इथली बहुतेक केंद्रं लागत नाहीत, बँड एक्स्पांडर नावाचं छोटं जोडयंत्र बसवावं लागतं. एएमला मात्र अडचण येत नाही. इथलं हिंदी केंद्र रेडिओ तराना १३८६ वर पहिल्याच दिवशी लागलं आणि आई मागच्या सीटवर खूश झाली. ढोल मागे दोन मावतात, तिसरा सीट पाडली तर.

किरोकुबो मी पुढे चालू ठेवलंय. रकाने जपानी, तारखा इंग्रजी, शेरे मराठी.

आता असे पर्याय कमी होत चाललेत. १ मार्च २०२० पासून घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा नसलेली वापरलेली मोटार या देशात सहसा आणता येत नाही, आणि २०२३ पासून आयातदाराला गाडीच्या धुराप्रमाणे जादा भरावं लागतं किंवा सूट मिळते. जुन्या, साध्या वॅगन बंदरावर फारशा उतरत नाहीत. त्यात सुबारूनंच जपानमध्ये लेगसी वॅगन २०१४ ला थांबवली. आता नवीन आलेली मराठी मुलं मला विचारतात ती बहुतेक फिल्डर हायब्रिडबद्दल, आणि मी आनंदानं बरोबर जातो.

परवा एका मुलाबरोबर गेलो. २०१५ ची फिल्डर, नोंदवही जागेवर, तक्त्यावर चार गुण. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला गार ठेवणारी हवा सीटजवळच्या जाळीतून आत जाते. ती जाळी कुणी बघत नाही. आम्ही ती काढली तर आत करड्या धुळीबरोबर आखूड पांढऱ्या केसांचा गठ्ठा निघाला. कुत्रा असणार. तेल दर सहा महिन्यांनी बदलणारा हा माणूस होता, पण जाळीचं त्याला कुणी सांगितलं नसावं. विकणाऱ्यानं बॅटरीचा पंखा उघडून साफ करून द्यायचं आणि बॅटरीची तपासणी करून अहवाल द्यायचं कबूल केलं. मुलगा म्हणाला, काका, अहवाल आल्यावरच पैसे देतो. मी म्हटलं, बरोबर, आणि गाडी न्यायला येशील तेव्हा सकाळी लवकर ये, इंजिन गार असताना.